रणगाडे, पलटणी, तोफा : कायमच्या एका मुठीत, की वेळेला हाक मारून?

माळवी_मुलूख (इंदूर)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. २६ जुलै २०२५ ला द्रासला कारगिल विजय दिनाच्या भाषणात लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदींनी ‘रुद्र’ ब्रिगेड जाहीर केल्या. पायदळ, मेकनाइज्ड पायदळ (चिलखती गाड्यांतून लढणारं), रणगाडे, तोफखाना, स्पेशल फोर्सेस, ड्रोन आणि या सगळ्यांना पुरेल अशी रसद, सगळं एका ब्रिगेडियरच्या हाताखाली. पायदळाच्या दोन ब्रिगेडचं असं रूपांतर झाल्याचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

आपली जुनी पद्धत अशी : ब्रिगेडमध्ये साधारण एकाच जातीच्या तीन पलटणी, म्हणजे बटालियन. रणगाडे हवेत? वरून जोडून मिळतील. तोफा? डिव्हिजनकडून, म्हणजे काही ब्रिगेड मिळून होणाऱ्या वरच्या पायरीकडून. म्हणजे मिसळ ऐन लढाईच्या तोंडावर तयार करायची.

माझं मत उघड सांगतो, मिसळ कायमची असावी. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौज जमवण्याच्या ‘पराक्रम’ मोहिमेचे हुकूम सुटले आणि आपल्या स्ट्राइक कोरना (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या, हल्ल्यासाठी राखलेल्या फौजांना) सीमेवर पोचायला जवळपास तीन आठवडे लागले. तोवर जगभरातून दिल्लीला फोन येऊन गेले होते. त्यातून २००४ ला ‘कोल्ड स्टार्ट’ची, म्हणजे जमवाजमवीत वेळ न घालवता झटपट हल्ला करण्याची चर्चा, मग पाच-सहा हजार माणसांच्या एकात्मिक युद्धगटांची, म्हणजे आयबीजीची कल्पना, ऑक्टोबर २०१९ मध्ये अरुणाचलात ‘हिम विजय’ सराव, आणि आता रुद्र. वीस वर्षं एकच विचार कपडे बदलत फिरतोय.

अडलंय इथे : अमेरिकेने आणि रशियाने हेच आधी करून पाहिलं आणि दोघेही परत डिव्हिजनकडे वळले. का? आपण त्यांनी सोडलेल्या वाटेला लागलोय का? महूची मंडळी इथे आहेत, ग्वाल्हेरची आहेत. बोला.

पुणेकर_पाहुणा

इंदूरकराने ‘मिसळ’ लिहिलंय आणि पोहे लिहिलेले नाहीत. आयडी चोरीला गेलाय, व्यवस्थापकांनी लक्ष घालावं.

महूचा_म्हातारा

माळवी, बेटा, कागदावर मिसळ करायला पाच मिनिटं लागतात. जमिनीवर काय होतं ते सांगतो.

आमच्याकडे रणगाड्यांची स्क्वाड्रन आणि पायदळाची कंपनी एकत्र आली की तिला कॉम्बॅट टीम म्हणत, आणि तेच रेजिमेंटच्या पातळीवर झालं की कॉम्बॅट ग्रुप. सराव वाळवंटात. पहिल्या दिवशी आमची पोरं रणगाड्याच्या आडोशाने चालायला गेली. दिसायला छान, सिनेमात तसंच असतं. पण झाकण बंद करून आत बसलेल्या कमांडरला शेजारचा माणूस दिसत नाही. गाडी मागे घेतली की संपलं. तोफ डागली की बाजूच्याचे कान गेले. अंगावर स्फोटक विटांचं चिलखत असेल तर तिच्या जवळपास उभंसुद्धा राहायचं नाही, कारण गोळा लागला की ती वीट बाहेरच्या बाजूला उडते. हे वर्गात सगळ्यांना शिकवलेलं असतं. अंगात मुरायला मात्र एकत्र चालावं लागतं.

दुसरी भानगड वायरलेसची. दोघांचे सेट, दोघांच्या सवयी, दोघांची सांकेतिक नावं वेगळी. तिसरी पोटाची. माझ्या कंपनीला पाणी, शिधा, गोळ्या दिल्या की ती चालते. टी-७२ च्या टाक्यांत हजार लिटरच्या वर डिझेल जातं. आमच्या क्वार्टरमास्टरने आयुष्यात एवढं डिझेल मागितलेलं नव्हतं, त्याला मागणीपत्र कोणाकडे धाडायचं तेही ठाऊक नव्हतं.

सरावाच्या अखेरीस आमचं आणि त्या स्क्वाड्रनचं असं काही जमलं की त्यांचा रिसालदार नुसता “हां साब” म्हणाला तरी मला कळायचं तो कुठे चाललाय. मग सराव संपला. ते त्यांच्या छावणीत, आम्ही आमच्या. पुढच्या वेळी दुसरीच स्क्वाड्रन आली आणि परत श्रीगणेशा. तेव्हा माझं मत कायमच्या मिसळीच्या बाजूने.

हिशेबतपासनीस (इंदूर)

काका, आदर ठेवून विरोध करतो.

लग्नाला आचारी लागतो म्हणून कोणी तो कायमचा घरी ठेवत नाही. रणगाडे महाग, त्यांचे मेकॅनिक महाग, क्रू तयार करणं त्याहून महाग. ते प्रत्येक ब्रिगेडमध्ये थोडे थोडे वाटून टाकले तर जिथे गरज नाही तिथे ते उभे राहणार आणि जिथे गरज आहे तिथे कमी पडणार.

उदाहरण घरचंच आहे. १ नोव्हेंबर १९४८, झोजिला. साडेअकरा हजार फुटांच्या त्या खिंडीत रणगाडे येतील असं समोरच्याला स्वप्नातही वाटलं नसेल. जनरल थिमय्यांनी ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर चढवले, सुगावा लागू नये म्हणून बुरूज उतरवून झाकून नेले, आणि खिंड फुटली. तिथल्या पायदळ ब्रिगेडकडे स्वतःचे रणगाडे होते का? नव्हते. दुसरीकडून उचलून आणले. हवं ते हवं तिथे उचलून नेता येणं, लवचीकपणा तो हाच.

माळवी_मुलूख

@हिशेबतपासनीस, झोजिला मान्य. पण ती तयारी किती आधीपासून चालली होती? रस्ता करायला सॅपर, म्हणजे लष्कराचे इंजिनियर लागले, रणगाडे पार जम्मूकडून आणावे लागले. आज एवढा अवधी मिळेल का? आचारी स्वस्त पडतो हो, पण मुहूर्ताच्या दिवशी तो दुसऱ्याच मांडवात असतो.

रामबागेतली_मावशी

आणि असलाच तर त्याचा मदतनीस पळालेला असतो. 😄

लष्करवाली (ग्वाल्हेर)

या प्रश्नाला आपल्याकडे निदान साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

सभासदाने शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना नोंदवून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, सगळ्यांवर सरनोबत. ही उतरंड आपण शाळेत पाठ केलेली असते. त्यातलं एक वाक्य मात्र नजरेतून निसटतं : पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल, दोन्ही पंचविशीच्या पातळीवर. नालबंद जर हजारीकडे बसवला असता तर दीडशे-दोनशे स्वार वेगळे काढून लांबच्या मोहिमेवर धाडताच चार दिवसांत घोडी लंगडली असती. या सैन्याच्या तुकड्या हव्या तशा तोडता-जोडता येत, त्याचं एक कारण या नालबंदात आहे असं मला वाटतं. काका ज्या डिझेलबद्दल सांगताहेत ते हेच.

आता आमच्याकडे या. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याने कंपू, म्हणजे कवायती ब्रिगेड उभे केले, पहिल्या कंपूत दहा पलटणी. प्रत्येक पलटणीबरोबर तिच्या स्वतःच्या तोफा, आणि पगारासाठी दोआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून दिलेला. १७९० च्या जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता, दोन्ही ठिकाणी राजपूत घोडदळासमोर या पलटणी टिकल्या.

आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असई. इंग्रज सेनापती वेलस्ली कैटना नदी उतरून बगलेवर आला. त्याचा हिशेब होता की मराठी पायदळ वेळेत वळू शकणार नाही. शिंद्यांचा कवायती सेनानी पोलमन, त्याच्या पलटणी तोफांसकट काटकोनात फिरल्या आणि नवी फळी धरून उभ्या राहिल्या. इंग्रजांचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले ते या वळण्यामुळे. म्हणजे पलटण आणि तिची तोफ कायमची एकत्र असेल तर काय होतं त्याचा हा पुरावा, माळवींच्या बाजूचा.

पण त्याच मैदानात शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ होतं आणि ते जवळपास बघत राहिलं. पायदळ आणि तोफा एकजीव झालेल्या, घोडदळ वेगळ्याच दुनियेत. कंपूंनी आणि स्वारांनी एकत्र सराव कधी केलाच नव्हता.

माळवी_मुलूख

ताई, सुंदर प्रतिसाद. फक्त ‘आमच्याकडे’ वर इंदूरकर म्हणून हरकत नोंदवतो. असईनंतर दुसऱ्याच वर्षी, १८०४ च्या पावसाळ्यात, आमच्या यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळलं. तोफा चिखलात टाकून पळाला बिचारा. कवायती पलटणी त्याच्याकडे होत्या बरं का. घोडं कसं वापरायचं ते शिंद्यांनी होळकरांना विचारायला हवं होतं.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

विचारलं असतं हो, पण १ जून १७९३ ला लाखेरीला होळकरांचं घोडदळ आणि त्यांच्या चार नव्या पलटणी अशा काही मोडल्या की विचारायला कोणी उरलंच नाही. 🙂

आता गंमत बाजूला. मॉन्सनची तुमची गोष्ट अर्धीच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात होळकरांचं पायदळ आणि तोफा डीगपाशी होत्या, आणि यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन दोआबात. १३ तारखेला डीगला पायदळ मोडलं. १७ ला पहाटे फर्रुखाबादेत इंग्रज सेनापती लेकने घोडदळाला झोपेत गाठलं. चोवीस तासांत सत्तर मैलांच्या आसपास दौड करून आला होता तो. आणि त्याच्या घोडदळाच्या रेजिमेंटकडे घोड्यांमागून पळवता येतील अशा हलक्या तोफा स्वतःच्या होत्या. मराठी घोडदळाशी लढता लढता त्यांनी आपली घडण बदलली होती. आपल्या दोन भुजा मात्र चार दिवसांत वेगवेगळ्या तोडल्या गेल्या.

अलकापुरी_एक्सप्रेस (वडोदरा)

शिंदे आणि होळकर भांडत होते तेव्हा गायकवाड काय करत होते, असं विचाराल. शांतपणे गुजरातचा वसूल मोजत होते. चालू द्या.

पुणेकर_पाहुणा

पुढच्या प्रतिसादात पानिपत येणार. मल्हारराव मैदानातून का निघाले, यावर दोनशे प्रतिसाद. मी खुर्ची घेऊन बसलोय.

व्यवस्थापक

पानिपतासाठी वेगळा धागा आहे, गेली सहा वर्षं धगधगतोय. तिकडे जा.

गोलंदाज

मी तोफखान्यात होतो. इथे सगळे कायमच्या मिसळीवर खूश दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माळवींनी अमेरिका का मागे फिरली ते विचारलंय, त्याचं निदान अर्धं उत्तर तोफखान्यात आहे.

२००३-०४ पासून अमेरिकनांनी ब्रिगेड कॉम्बॅट टीम काढल्या. प्रत्येक ब्रिगेडला तिचा कायमचा तोफखाना देऊन टाकला आणि डिव्हिजनचं तोफखाना मुख्यालय मोडीत काढलं. इराक-अफगाणिस्तानात एकेक ब्रिगेड आळीपाळीने पाठवायची होती, त्याला ही रचना सोयीची. पण मग तोफखान्याच्या बटालियनवर वरिष्ठ गोलंदाज उरला नाही. ब्रिगेड कमांडर पायदळाचा किंवा रणगाड्यांचा. तो गोलंदाजांना पहाऱ्यावर लावतो, गस्तीला पाठवतो, कारण तिथे त्याला माणसं कमी पडतात. काही वर्षांत तोफा अचूक डागण्याचं कसब गंजलं आणि त्यांच्याच अधिकाऱ्यांनी तशी बोंब मारली. २०१४ पासून डिव्हिजनची तोफखाना मुख्यालयं परत उभी करावी लागली.

दुसरं म्हणजे तोफांची ताकद एकवटण्यात असते. तोफेचा पल्ला वीस-तीस किलोमीटर असताना ती एका ब्रिगेडच्या दावणीला बांधली तर शेजारच्या ब्रिगेडवर संकट आल्यावर तिला मागायला अर्ज करायचा का? डिव्हिजनच्या मुठीत असेल तर पाच मिनिटांत सगळ्या नळ्या एका ठिकाणी वळतात.

आणि या अमेरिकन ब्रिगेडची आणखी एक गोष्ट. पायदळाच्या आणि चिलखती ब्रिगेडमध्ये त्यांनी सुरुवातीला लढाऊ बटालियन दोनच ठेवल्या, ब्रिगेडची संख्या वाढवता यावी म्हणून. २०१३ नंतर तिसरी परत आणली. दोन पुढे गुंतल्या की राखीव काय ठेवणार?

हिशेबतपासनीस (इंदूर)

गोलंदाज सरांना साष्टांग. अमेरिकेचा आणखी जुना पदर आहे. १९५७ च्या सुमारास अणुबाँबच्या धास्तीने त्यांनी पेंटॉमिक डिव्हिजन काढली. मधल्या बटालियन आणि रेजिमेंट उडवून डिव्हिजनखाली थेट पाच बॅटल ग्रुप. चार-पाच वर्षांत गुंडाळली. मग जी रचना आली तिच्यात ब्रिगेड म्हणजे नुसतं मुख्यालय, त्याच्याखाली कोणत्या बटालियन द्यायच्या ते कामाप्रमाणे ठरणार. म्हणजे वेळेला हाक मारण्याची पद्धतच रीतसर करून टाकली, आणि ती बरीच वर्षं चालली.

ड्रोनबाज (इंदूर)

सगळ्या काका-मावशांची माफी मागून : ब्रिगेड, डिव्हिजन, नालबंद, हे सगळं जुनं झालं नाही का? युक्रेनमध्ये ड्रोनच्या नजरेतून काही सुटत नाही. मोठा जमाव दिसला की वरून येतंच. आपल्याकडेही आता पायदळाच्या पलटणीत ‘अश्नी’ ड्रोन प्लाटून आहेत, अडीचशे जवानांच्या ‘भैरव’ बटालियन आल्या. भविष्य छोट्या तुकड्यांचं आहे. ब्रिगेड कशी बांधायची हा वादच मोडीत निघेल.

महूचा_म्हातारा

ड्रोनबाज बेटा, माफी कशाला. पण छोट्या मिसळ तुकड्यांचा सगळ्यात मोठा प्रयोग त्याच युक्रेनमध्ये झाला, आणि तो तुझ्या बाजूने बोलत नाही.

रशियाने २०२२ मध्ये बटालियन टॅक्टिकल ग्रुप घेऊन हल्ला केला. एकेका गटात सहाशे ते आठशे माणसं, दहाएक रणगाडे, चिलखती गाड्या, आणि बटालियनच्या मानाने तोफा आणि रॉकेटं भरपूर. कागदावर बघ, सगळी हत्यारं एका लेफ्टनंट कर्नलच्या हातात. मग बिघडलं काय?

एक, पायदळ. सक्तीच्या भरतीतली पोरं परदेशी लढाईवर पाठवायची नाहीत असं सरकार म्हणत होतं, त्यामुळे कंत्राटी शिपाई गोळा करून गट बनवले. गाडीत ड्रायव्हर आणि गनर आहेत, मागून उतरून लढणारे मोजकेच. शहराच्या गल्लीत, झाडीत रणगाड्याला राखणारं कोणी नाही. दोन, त्या लेफ्टनंट कर्नलचं कार्यालय बटालियनचंच, चार-सहा अधिकारी. त्यांनी रणगाडे बघायचे, तोफा बघायच्या, विमानविरोधी बघायचं, जॅमिंग बघायचं, डिझेल बघायचं. कोण बघणार? तीन, शंभर माणसं पडली तर ब्रिगेड सोसते, सहाशेचा गट मोडतो. २०२२ संपता संपता रशियाने ब्रिगेडच्या परत डिव्हिजन करण्याची घोषणा केली.

तुझे ड्रोन मी नाकारत नाही. पण ड्रोनची बॅटरी चार्ज करायला जनरेटर, जनरेटरला इंधन, बिघडला तर सोल्डरिंग करणारा पोरगा, हे सगळं कोणाच्या नोंदवहीत? तुझी प्लाटून छोटी झाली तर तिचा नालबंदही तिच्याजवळच हवा, ग्वाल्हेरच्या ताई म्हणतात तसा.

ड्रोनबाज (इंदूर)

सोल्डरिंगवाला पोरगा मीच असेन काका, भरती निघू द्या. मुद्दा पटला, पण अर्धाच. रशियाचा गट मोडला त्याला पायदळाची टंचाई कारण होती, आकार नाही. पुरेसं पायदळ असतं तर?

महूचा_म्हातारा

तर तो आठशेचा राहिला नसता ना भिया, हजार-बाराशेचा झाला असता. आणि मग त्या लेफ्टनंट कर्नलला ब्रिगेडियरचं कार्यालय द्यावं लागलं असतं.

रामबागेतली_मावशी

मला तुमच्या डिव्हिजन-ब्रिगेडमधलं फार कळत नाही. माझा मुलगा पलटणीत आहे एवढं कळतं. तो सुट्टीवर आला की ‘पलटण’ हा शब्द जसा उच्चारतो तसा ‘ब्रिगेड’ उच्चारत नाही. तुमची ही मिसळ झाली की पलटणीचं नाव, तिचं मंदिर, तिचा स्थापना दिवस, त्याचं काय होणार? रणगाडेवाल्यांत आणि तोफवाल्यांत वाटून टाकणार का त्या पोरांना?

महूचा_म्हातारा

वहिनी, नाही. पलटण फोडत नाहीत. ती पूर्णच्या पूर्ण त्या ब्रिगेडमध्ये असते, तिचं निशाण, तिचा जयघोष तिच्याजवळच. फक्त शेजारी बदलतो. पूर्वी शेजारी दुसरी पायदळ पलटण असायची, आता रणगाड्यांची रेजिमेंट. आणि मुलगा ब्रिगेड तसं म्हणत नाही ते अगदी खरं. माणूस पलटणीसाठी उभा राहतो. म्हणून जी काही मोडतोड करायची ती पलटणीच्या वर करावी, खाली नाही, असं माझं ठाम मत. कंपन्या इकडच्या तिकडे उधार दिल्या की बोंब होते.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

मावशी, पलटणी किती चिवट असतात बघा. संस्थानं विलीन झाली तेव्हा ग्वाल्हेरची एक पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये १४ कुमाऊँ झाली, इंदूरची १५ कुमाऊँ. कंसात ‘ग्वाल्हेर’ आणि ‘इंदूर’ ही नावं राहिली. पुढे १९७९ मध्ये मेकनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली तेव्हा आमची १४ कुमाऊँ तिची पाचवी बटालियन झाली. पायी चालणारी पलटण बीएमपीत, म्हणजे पायदळाच्या चिलखती गाडीत चढली, पण आपला इतिहास बरोबर घेऊन चढली.

माळवी_मुलूख

शिंदे आणि होळकर शेवटी एकाच रेजिमेंटमध्ये, आणि नंबरही शेजारचे. महादजींना आणि तुकोजींना कोणीतरी कळवा.

अलकापुरी_एक्सप्रेस (वडोदरा)

आता मी गंभीर प्रतिसाद देतो, सावध व्हा.

कायमची मिसळ नसताना, किंबहुना धड लढाऊ मुख्यालयही नसताना काय करता येतं त्याचं उदाहरण १९७१ चं आहे. १०१ कम्युनिकेशन झोन हे मुळात मागच्या भागाची रसद आणि प्रशासन बघणारं मुख्यालय. त्याच्या हाताखाली ब्रिगेडियर क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड दिली आणि उत्तरेकडून ढाक्याच्या वाटेवर सोडलं. मेजर जनरल गुरबक्ष सिंग गिल सुरुंगात जखमी झाले, त्यांच्या जागी मेजर जनरल गंधर्व नागरा आले. जमालपूर पडलं. ११ डिसेंबरला टांगाइलला २ पॅरा उतरली, आणि तिला जाऊन मिळाली कोण? आपली १ मराठा, जंगी पलटण. १६ तारखेला सकाळी ढाक्याच्या वेशीवर मीरपूरच्या पुलापाशी पोचले ते हेच लोक.

योजनेत ढाक्याचा मुख्य मार ठरलेला होता असं हे दल नव्हतंच. म्हणून म्हणतो, रचनेपेक्षा वरच्याने खालच्याला किती मोकळं सोडलंय ते बघा. जर्मनांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या काम्फग्रुपं अशाच रात्रीत जमवलेल्या असायच्या, हाताशी असेल ते घेऊन. ते चालायचं कारण सगळ्या अधिकाऱ्यांची तालीम एकसारखी. हुकूम देताना काय साधायचं ते सांगत, कसं ते त्याच्यावर सोडत.

गोलंदाज

१९७१ बरोबर. पण त्याच सैन्याने नऊ वर्षं आधी जुळवाजुळव कशी केली होती तेही लिहा. १९६२, सेला आणि बोमडिला. चौथ्या डिव्हिजनच्या हाताखाली ६२, ६५ आणि ४८ या ब्रिगेड घाईघाईने आणून उभ्या केल्या. कमांडर नवे, पलटणी नव्या, डोंगर नवा, कोणाला कोणाची सवय नाही. १८ नोव्हेंबरला बोमडिल्यातल्या ४८ ब्रिगेडमधून दिरांगकडे तुकडी काढायला लावली आणि बोमडिलाच पातळ करून टाकलं. त्याच दिवशी ते गेलं. काका म्हणतात ना, कंपन्या उधार दिल्या की बोंब. ही ती बोंब.

म्हणजे हाक मारून जमवलेलं १९७१ ला चाललं आणि १९६२ ला नाही. ७१ ला तयारीला अनेक महिने मिळाले होते, हा फरक विसरू नका. फक्त मोकळीक दिल्याने झालं नाही ते.

हिशेबतपासनीस (इंदूर)

थोडक्यात, आचारी ओळखीचा असेल तर बाहेरून बोलावला तरी चालतो.

माळवी_मुलूख

धागा भरकटून परत दाराशी आलाय, म्हणून मूळ प्रश्न पुन्हा टाकतो. मला आता जे दिसतंय ते असं : पायदळ, रणगाडे आणि त्यांची रसद ब्रिगेडमध्ये कायमची. जवळच्या मारासाठी थोड्या तोफा आणि ड्रोनही तिथेच. लांब पल्ल्याचा तोफखाना, हेलिकॉप्टर, मोठे पूल वगैरे वरच्याकडे. डिव्हिजन मधून काढायची की ठेवायची, इथे मी अडकलोय. आयबीजीच्या मूळ चर्चेत मेजर जनरलचा गट थेट कोरच्या हाताखाली होता, मधली एक पायरी गाळलेली. पायरी गाळली की निर्णय लवकर, असा त्यामागचा तर्क.

गोलंदाज

पायरी गाळली की कोर कमांडरसमोर एकदम आठ-दहा माणसं हुकमाला उभी राहतात. पेंटॉमिकमध्ये हीच अडचण झाली होती. नेपोलियनने कोर काढल्या त्या याच कारणाने : प्रत्येक कोरमध्ये पायदळ, घोडदळ, तोफा, म्हणजे एकटी पडली तरी दिवसभर झुंजेल, पण स्वतः त्याला हाताळायच्या कोर मोजक्या. १४ ऑक्टोबर १८०६ ला आउअरश्टेटला दावूची एकटी कोर, सत्तावीसेक हजारांची, प्रशियाच्या दुपटीहून मोठ्या मुख्य फौजेला पुरून उरली. त्याच दिवशी नेपोलियन येनाला होता आणि मुख्य फौज आपल्याच समोर आहे असं समजत होता. खालची मिसळ पक्की आणि वर हुकूम घेणारी तोंडं कमी, दोन्ही लागतात. त्यामुळे माझ्या मते डिव्हिजन ठेवा, ब्रिगेड मिसळ करा.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

सरांशी सहमत, आणि माळवींच्या यादीत एक भर. मिसळ ब्रिगेडचा ब्रिगेडियर कुठून येणार? पोलमनला घोडदळ वापरता आलं नाही, कारण ते त्याच्या हुकमात नव्हतं आणि त्याच्या तालमीतही नव्हतं. पायदळात पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसाला रणगाड्यांची रेजिमेंट दिली तर तो ती हळूहळू पायदळासारखीच वापरायला लागेल. उलटही तसंच.

महूचा_म्हातारा

ताई, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. त्यासाठीच आमच्या गावात वॉर कॉलेज आहे, तिथे सगळ्या आर्मचे अधिकारी एका वर्गात बसतात, वाळूच्या नकाशावर एकमेकांची हत्यारं हाताळतात. पण वर्गातलं ज्ञान आणि फिल्डमधलं यातलं अंतर मी वर सांगितलंच आहे. माझी सूचना अशी की रुद्रच्या कमांडरला आणि त्याच्या पलटणींना एकत्र राहू द्या. अडीच वर्षांनी पलटण पीस-स्टेशनला, दीड वर्षाने ब्रिगेडियर बदलीवर, असं चाललं तर मिसळ कायमची राहिली कुठे? फलक तोच, आतली माणसं दर वेळी नवी. परत तेच, सेट जुळवा, नावं जुळवा.

माळवी, तुला कळायचं असेल की ही ब्रिगेड खरी उभी राहिली की नाही, तर रणगाड्यांची संख्या मोजू नकोस. बंद पडलेला रणगाडा ओढायला येणारी रिकव्हरी गाडी ब्रिगेडच्या स्वतःच्या वर्कशॉपची आहे की शंभर किलोमीटरवरून मागवावी लागते, ते विचार.

हिशेबतपासनीस (इंदूर)

काका, आणि रिकव्हरी गाडीही एकाच जातीची पुरत नाही. बीएमपीचा फिटर वेगळा, टी-९० चा वेगळा, तोफेचा वेगळा, ड्रोनवाला हा आपला ड्रोनबाज. हे चार जण प्रत्येक ब्रिगेडला द्या, त्यांचे सुटे भाग द्या, आणि बेरीज करून सांगा. माझा विरोध संपलेला नाही, तो फक्त वर्कशॉपमध्ये जाऊन बसलाय.

गोलंदाज

आणि लांब पल्ल्याच्या तोफा मी कोणालाही देणार नाही. त्या डिव्हिजनकडेच राहतील. यावर वेगळा धागा काढायचा असेल तर काढा, मी आहे.